कारखान्याची जमीन सांध्यातच का फुटते

भिवंडीच्या एखाद्या गोदामात भरल्या फोर्कलिफ्टमागून चालत गेलं की दर चार-पाच मीटरवर 'टक्' ऐकू येतं. चाक सांध्यावरून गेलेलं असतं. स्लॅब मध्ये शाबूत, कडा मात्र उंदराने कुरतडल्यासारख्या.

याचं गणित जुनं आहे. १८६७ मध्ये एमिल विंकलरने जमीन म्हणजे स्प्रिंगांची गादी असं मानलं. १९२६ मध्ये अमेरिकेत हॅराल्ड वेस्टरगार्डने त्या गादीवरच्या काँक्रीट स्लॅबचे ताण तीन जागी काढले: मध्यभागी, कडेला, कोपऱ्यात. कडेचा ताण मध्यापेक्षा बराच जास्त निघाला. सूत्रं रस्त्यांसाठी होती, कारखान्यांनी ती उसनी घेतली. ताण ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १५० ऐवजी १८० मिमी स्लॅब टाकला तर ताण सुमारे ३० टक्के उतरतो. मालक नेमके तेच ३० मिमी वाचवायला बघतो.

आपल्याकडे तेव्हा शहाबादी फरशी किंवा कोबा. पुढे आयपीएस, म्हणजे इंडियन पेटंट स्टोन आलं: मुरमावर धुम्मस, त्यावर पीसीसी (सळयांशिवायचं साधं काँक्रीट) आणि वर जेमतेम दोन इंचांचा घोटलेला थर. हातगाडीला ते पुरे होतं. फोर्कलिफ्टच्या लहान, कडक चाकांखाली मात्र वरचा थर सुटून पोकळ वाजू लागला. मग एकाच जाडीत ओतलेला ट्रिमिक्स आला. काँक्रीट पसरायला लागणारं जास्तीचं पाणी त्यात व्हॅक्यूम पंपाने ओढून घेतात. नाव एका स्वीडिश कंपनीचं. साइटवर आता ते कामाचंच नाव झालंय.

रॅक उंच झाले आणि सपाटी मोजायची वेळ आली. फोर्कलिफ्टच्या चाकांत सव्वा मीटर अंतर असेल, तर जमिनीतला २ मिमीचा फरक १० मीटर उंचीवर १६ मिमीचा कल होतो. अमेरिकेत १९८७ मध्ये सपाटीच्या आकड्यांचं मानक आलं. आपल्याकडे ही निकड खरी वाढली ती १ जुलै २०१७ च्या जीएसटीनंतर. राज्याबाहेरच्या विक्रीवर लागणारा केंद्रीय विक्रीकर चुकवायला राज्याराज्यांत ठेवलेल्या लहान गोदामांची गरज उरली नाही, मोठी उभी राहिली.

सांधा मात्र तसाच नाजूक. स्लॅब वरून आधी सुकतो, आकसतो आणि कडा पापडासारख्या उचलल्या जातात. म्हणजे विंकलरची गादी नेमकी कडेखालीच नसते. काँक्रीटमध्ये स्टील फायबर, म्हणजे पोलादाचे तुकडे मिसळून सांधे कमी करता येतात, पण जे राहतात त्यांचे ग्रूव्ह, म्हणजे तडा सरळ रेषेत जावा म्हणून पाडलेल्या खाचा, काही तासांतच कापावे लागतात. मे महिन्यात काँक्रीट कटरवाल्याची वाट बघत नाही. रात्रीत स्वतःच, हव्या त्या जागी सांधा पाडून मोकळं होतं.