चावडीवरच्या हजेरीपासून इंटरनेटबंदीपर्यंत

७ जून २०२३. आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक आणि लाठीमार झाला, आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करण्यात आलं. स्टेटस ठेवणारे मूठभर, पण यूपीआयवर धंदा करणारे आणि ओटीपीची वाट बघणारे सगळेच अडकले. अशा बंदीचे नियम तेव्हा २०१७ चे होते, पण ते ज्या कायद्याखाली केले होते तो तार (टेलिग्राफ) कायदा १८८५ चा.

अर्थात लोकांवर बंधनं घालायला आणि पाळत ठेवायला तारा लागतातच असं नाही. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतल्या माणसांना गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. गुन्हा केला असो वा नसो, त्या जातीत जन्म झाला एवढं पुरे. गाव सोडायचं तर आधी विचारायचं. म्हणजे मजुरीला, बाजाराला किंवा लेकीच्या सासरी जाणंही गावकामगारांच्या, म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांच्या मर्जीवर. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच रजिस्टरात नोंद करून चाललं होतं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातली हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी पहाऱ्याच्या कामावर घेतलं. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा, तेच पहारेकरी! गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून जायला मात्र १९५२ उजाडलं, आणि चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते ती आजही.

छापील शब्दाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाबद्दल टिळक-आगरकरांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर लिहिलं, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली होती, त्यामुळे याला निव्वळ मुस्कटदाबी म्हणणं मला पटत नाही. पण दरबारात काय चाललंय हे रयतेला कळायला दुसरी वाटही नव्हती, आणि अफवांना बळ येतं ते अशाच बंद दारांमुळे. पुढे सिनेमालाही हात लागला. कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या शिवकालीन मूकपटाच्या नावात ‘स्वराज्य’ होतं. सेन्सॉरला ते खुपलं आणि १९३० मध्ये तो ‘उदयकाल’ म्हणून पडद्यावर आला.

स्वातंत्र्यानंतर तार कायदा तसाच राहिला. त्याच कायद्याखाली होणाऱ्या फोन टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंधनं घातली, २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत असं बजावलं. २०२३ चा दूरसंचार कायदा आला तरी ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ ही १८८५ ची कारणं त्यात आहेतच. त्यांची व्याख्या कायद्यात तेव्हाही नव्हती, आताही नाही.

खरी मेख पुढे आहे. कोल्हापुरात लागू झालेल्या नियमांनुसार बंदीचा आदेश राज्याच्या गृह सचिवांनी काढायचा आणि तो योग्य होता की नाही हे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तपासायचं. सदस्य म्हणून विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव. सगळे एकाच सरकारचे. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा आमदार नाही, आणि ज्याचं दुकान बंद पडलं तो तर नाहीच.