चांदीचं पाणी: धुलाईयंत्रात नॅनो कुठून आलं?

टॉवेल स्वच्छ धुतला, कडक वाळवला, घडी करून ठेवला. अंग पुसताना जरा ओलसर झाला की पुन्हा तोच कुबट वास. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी या वासामागचा मुख्य जिवाणू ओळखला: मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस. धुऊन, वाळवूनही तो कापडात तग धरतो. कपडे उकळून धुतले जायचे तेव्हा अशा जिवाणूंचा निकाल तिथल्या तिथे लागायचा. पण यंत्रात गरम पाण्याने धुताना बहुतेक वीज पाणी तापवण्यातच खर्च होते. थंड पाण्याने धुण्याकडे कल वाढला तसं उष्णतेचं काम करणारं दुसरं काहीतरी हवं होतं.

ते काम चांदीकडे आलं, आणि त्यात नवल नव्हतं. जर्मन प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे १८८० च्या दशकातच नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालत होते, जंतुसंसर्गाने दृष्टी जाऊ नये म्हणून. पाण्यात धातूचा नुसता अंश उतरला तरी शेवाळ मरतं, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांचं निरीक्षण १८९३ मध्ये छापून आलं. त्याआधी १८८९ मध्ये अमेरिकेत केरी ली यांनी सायट्रेट वापरून चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवले होते. आज आपण त्यांना नॅनोकण म्हणू. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द मात्र जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी वापरला तो १९७४ मध्ये, म्हणजे तब्बल ८५ वर्षांनी.

सॅमसंगने २००३ मध्ये ‘सिल्व्हर नॅनो’ या नावाने धुलाईयंत्रं, फ्रिज, एअर कंडिशनर बाजारात आणले. धुलाईयंत्रातली रचना साधी होती. टबाच्या बाजूला छोट्या कप्प्यात शुद्ध चांदीच्या दोन पट्ट्या. त्यांच्यातून वीज खेळवली की चांदी आयनरूपात, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंच्या रूपात, सुटून पाण्यात मिसळते आणि ते पाणी कपड्यांवरून फिरतं. चांदीचे आयन जिवाणूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात आणि त्यांचं जगणंच बंद पाडतात. मळ मात्र त्याने निघत नाही. त्याला साबण लागतोच. ‘कपडे स्वच्छ’ आणि ‘कपडे निर्जंतुक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातींच्या भाषेत त्या फार सहज एकमेकींत मिसळल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रचारात ४०० अब्ज आयनांचा आकडा गाजला. ऐकायला प्रचंड, पण हिशेब करून पाहा: चांदीच्या इतक्या अणूंचं वजन ग्रॅमच्या एका अब्जांशाच्या दहाव्या हिश्शाइतकंही भरत नाही. अणू मोजले की कुठलाही आकडा डोळे दिपवतो. खरा प्रश्न पाण्यातून किती चांदी बाहेर पडते, हा होता.

आणि तो विचारला सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांनी. त्यांचं काम चालतं जिवाणूंच्याच जिवावर. टाक्यांमधले जिवाणू घाण खातात म्हणून पाणी नदीत सोडण्याजोगं होतं. घराघरांतून जिवाणूनाशक पाणी येऊ लागलं तर? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने म्हणजे ईपीएने आधी या यंत्राला नुसतं उपकरण मानलं होतं. २००६ मध्ये तिने भूमिका बदलली आणि सप्टेंबर २००७ मध्ये अधिसूचना काढली. तर्क असा: जंतू मारण्यासाठी यंत्र एखादा पदार्थ सोडत असेल, तर ते कीटकनाशकांच्या कायद्याखाली येतं. त्याच अधिसूचनेत असंही होतं की हे नॅनोतंत्रज्ञानाचं नियमन नव्हे. या उत्पादनात नॅनोतंत्रज्ञान वापरलं जातं, असं दाखवणारी माहिती संस्थेकडे आलेली नाही. यंत्राच्या नावात नॅनो, कायद्याच्या कागदावर ते नाही. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो हा मुद्दा.

उत्तर प्रयोगशाळेतून आलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यंत्राचं सांडपाणी तपासलं, तेव्हा लिटरमागे सरासरी ११ मायक्रोग्रॅम चांदी सापडली. तिच्यात नॅनोकणही होते, आणि त्या पाण्याच्या संपर्कात नैसर्गिक जिवाणूंची संख्या घटली.

दरम्यान कापडातच चांदी घालण्याची वाटही निघाली होती. पण २००८ मध्ये अमेरिकेत मोजे धुऊन पाहिले तेव्हा काहींतली चांदी थोड्याच धुण्यांत पाण्यात उतरली. प्रकाशात मळाचं विघटन करणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा ही तिसरी वाट. तिचं मूळ फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांच्या १९७२ च्या संशोधनात आहे.

यंत्रातून निघालेल्या चांदीचं पुढे काय होतं, तेही आता बरंच कळलं आहे. गटारात आणि शुद्धीकरणाच्या गाळात गंधक भरपूर असतं. चांदी त्याच्याशी जोडली जाते आणि बहुतांश सिल्व्हर सल्फाइड होऊन गाळात बसते. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे जिवाणूंना त्याचा त्रास फारच कमी. चांदीच्या वस्तू हवेत राहून काळवंडतात, तो काळा थरही याच सल्फाइडचा असतो.