कोअर ट्रेनिंग (हौशी फुटबॉल)

पळताना, वळताना, किक मारताना धड डगमगू नये म्हणून पोट, पाठ, कंबर आणि नितंबाच्या स्नायूंना दिलेली तालीम. सिट-अप्स काढले की कोअर झालं असं अजूनही बऱ्याच मैदानांवर मानतात, ते सोडावं.

हे कधी सुरू झालं यावर एकमत नाही. काही जण थेट पिलाटिस व्यायामपद्धती काढणाऱ्या जोसेफ पिलाटिसच्या 'पॉवरहाऊस'पर्यंत (धडाच्या मधल्या भागाला त्याने दिलेलं नाव) मागे जातात, पण आजचा अर्थ साधारण १९९० च्या दशकातल्या कंबरदुखीच्या संशोधनातून आला असं धरणं जास्त पटतं. १९९२ मध्ये मनोहर पंजाबी यांनी मणक्याची स्थिरता हाडं-लिगामेंट (हाडं जोडणारे पट्टे), स्नायू आणि नसांचं नियंत्रण अशा तीन यंत्रणांची मिळून मांडली, मग १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांना दिसलं की कंबरदुखीवाल्याने हात हलवला की पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू उशिरा कामाला लागतो, आणि तिथून 'पोट आत ओढा' ही सूचना जिमभर पसरली. कॅनडाचे पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅगिल मात्र चारी बाजूंनी पोट घट्ट करायला सांगतात. फुटबॉलमध्ये धक्का कुठून बसेल सांगता येत नाही, त्यामुळे हे मत खेळाडूला जवळचं वाटतं. ऑस्टिओपॅथ (हाताने स्नायू-सांध्यांवर उपचार करणारे) एयाल लेडरमन यांनी २०१० मध्ये या सगळ्या कल्पनेवरच आक्षेप घेतला, तोही वाचण्यासारखा आहे.

हौशी संघांसाठी सगळ्यात ओळखीचा साचा म्हणजे फिफा ११+, दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्म-अप. १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. त्यात प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं) २० ते ३० सेकंदांचे तीन सेट, मग साइड प्लँक, म्हणजे तेच एका कुशीवर. कंबर खाली झोळीसारखी लोंबली की तिथेच थांबायचं, पुढचे सेकंद वाया जातात. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर झालेल्या, २००८ मध्ये छापलेल्या चाचणीत गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या, पण मुख्य मोजमाप पायाच्या दुखापतींचं होतं आणि तिथली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरली नाही. शिवाय यातलं कोअरचं श्रेय किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

हालचालीत फरक कुठे दिसतो? लांब पास मारताना डावा पाय रोवलेला, उजवा मागे गेलेला, त्या क्षणी कंबर कलली की रोवलेला गुडघा आत येतो आणि बॉल हवा तिथे जात नाही. धड सांभाळता आलं की पाय मोकळा फिरतो, त्यालाच खेळाडू 'लवचीकता वाढली' म्हणतात. प्लँकने हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) लांब होतो असं म्हणणं धाडसाचं, त्यासाठी स्ट्रेचिंग लागतंच, फक्त मॅचच्या आधी एकाच स्नायूला मिनिटापेक्षा जास्त ताणून धरू नये, ताकद थोडा वेळ कमी होते.

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार असे संघ तालमींच्या नावानेच खेळतात. लाल मातीतली जोर-बैठक हाही धडाचाच व्यायाम, जोर काढताना कंबर सावरावीच लागते.