भावनियमन : स्वमग्न मुलांचे, शाळेतील

राग, भीती किंवा अतिउत्साह ओळखून त्याची तीव्रता सोसवेल इतकी खाली आणणे म्हणजे भावनियमन. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला हे एकट्याने जमणे अवघड असते, म्हणून शाळेतील मोठ्यांची साथ लागते.

अडचण बहुधा संवेदनांपासून सुरू होते. घंटेचा कर्कश आवाज, कुरकुरणारा पंखा, मधल्या सुट्टीत एकदम उघडलेल्या डब्यांचा वास इतरांच्या लक्षातही येत नाही. या मुलाला तो असह्य होऊ शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये संवेदनांना मिळणारा असा अतितीव्र वा मंद प्रतिसाद निकषांत घेतला. शिवाय भूक, धडधड असे शरीराचे इशारे अनेकांना वेळेवर उमगत नाहीत. ‘काय झालं तुला?’ याला उत्तर मिळत नाही ते त्यामुळे.

साचलेला ताण फुटतो त्याला मेल्टडाउन म्हणतात. शाळेत तो हटकून हट्ट समजला जातो. हट्टाला काहीतरी हवे असते आणि ते मिळाले की तो संपतो. मेल्टडाउनमध्ये मुलाचा ताबाच सुटलेला असतो. चॉकलेटने तो थांबत नाही, दरडावण्याने तर वाढतोच. काही मुले उलट मिटून गप्प होतात. काही शाळेत दिवसभर निभावून नेतात आणि घरी दप्तर टाकताच कोसळतात. अशा वेळी ‘शाळेत तर छान असतो’ हे शिक्षकांचे म्हणणे आईला फारसे उपयोगी नसते.

उद्रेकात उपदेश व्यर्थ. शब्द कमी, आवाज खाली, बघे बाजूला, एवढेच करावे. शिकवायचे ते शांत वेळी : कारी डन बुरॉन व मिट्झी कर्टिस यांची भावनेची तीव्रता मोजणारी पाच पायऱ्यांची मोजपट्टी किंवा लिआ कायपर्स यांचे मनःस्थिती दाखवणारे चार रंगांचे विभाग (त्यातला हिरवा म्हणजे शांत) त्यासाठी वापरतात. मात्र ‘हिरव्यात ये’ असा धोशा लावला, की मूल भावना लपवायला शिकते. हात फडफडवणे, झुलणे हे त्याचे स्वतःचे उपाय. इजा होत नसेल तर रोखू नयेत.

चित्रांचे वेळापत्रक मोठा आधार देते. स्नेहसंमेलनाच्या तालमींनी तास उलटेपालटे होतात, त्या आठवड्यांत त्याची खरी गरज पडते. वर्गात शांत जागा ठेवतात. पण आपल्याकडे ‘कोपरा’ म्हटले की अंगठे धरून उभे राहणेच आठवते, तेव्हा नाव जपून द्यावे. मुलाने तिथे आपणहून जावे, त्याला पाठवू नये. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध आहेत, तर गरजेनुसार सोयी देण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेवर येते.