पदवी मुंबईची, शिक्षण मात्र सांगलीत

सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांत भिंतीवर काळ्या फ्रेममधली पदवी अजून दिसते. वर ठसठशीत ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’. त्यावरून ठरलेलं वाक्य: “आमचे आजोबा मुंबईला राहून शिकले.” शिकलेही असतील, पण नुसत्या त्या मथळ्यावरून तसं ठरत नाही.

१८५७ मध्ये स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ सुरुवातीला शिकवतच नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर अभ्यासक्रम ठरवायचे, परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या. वर्ग भरायचे ते संलग्न कॉलेजांत. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांतले न्या. रानडे आणि भांडारकर, दोघंही एल्फिन्स्टन कॉलेजचे. विद्यापीठाचा स्वतःचा समाजशास्त्र विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला तो थेट १९१९ मध्ये. गंमत म्हणजे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज सांगलीत निघालं तेही १९१९ लाच, आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेत वर्गात बसून पोरं मुंबईची पदवीधर व्हायची!

पुढे १९४९ ला पुणे विद्यापीठ, १९६२ ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आलं. मथळा बदलला, कॉलेज तिथंच राहिलं. आजोबा नक्की कुठं शिकले हे बघायचं असेल, तर ट्रंकेतलं कॉलेजचं लीव्हिंग सर्टिफिकेट काढा.