व्हीलचेअर मॅरेथॉन

व्हीलचेअर मॅरेथॉन : हातांनी चाके ढकलत पार करायची ४२.१९५ किमी. अंतराची रस्त्यावरील शर्यत. मोठ्या शहरांच्या मॅरेथॉनमध्ये ती धावण्याच्या शर्यतीच्याच मार्गावर आणि त्याच सकाळी होते. तिचे नियम, वेग आणि धोके मात्र वेगळे आहेत. विदर्भात तालुक्याच्या गावीही आता हिवाळ्यात मॅरेथॉन नावाने ५, १० किंवा २१ किमी.च्या शर्यती होतात. तिथे धावणाऱ्यांची वाण नाही. पोलीस भरतीच्या १६०० मी. (मुलींसाठी ८०० मी.) धावेची तयारी करणारी पोरे-पोरी पहाटे प्रत्येक गावच्या रोडवर दिसतात. खुर्चीवरच्या खेळाडूचे स्थान मात्र आयोजनात शेवटी येते, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. मार्ग आधी खुर्चीसाठी ठरवावा. जो रस्ता खुर्चीला चालतो तो धावणाऱ्याला चालतोच, उलट मात्र होत नाही.

४२.१९५ किमी. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि १९२१ मध्ये कायम झाले. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये १९७५ साली बॉब हॉल यांना खुर्चीवर बसून शर्यतीत उतरण्याची परवानगी मिळाली, ती ३ तासांच्या आत आलात तरच प्रमाणपत्र, या अटीवर. त्यांनी २ तास ५८ मिनिटे घेतली. जपानमधील ओइता शहरात १९८१ पासून केवळ व्हीलचेअरसाठीची स्वतंत्र शर्यत होते. लंडन मॅरेथॉनने १९८३ मध्ये हा गट सुरू केला, न्यूयॉर्कने अधिकृतपणे २००० मध्ये. ओइताच्या सपाट मार्गावर स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुग यांनी २०२१ मध्ये १:१७:४७ अशी वेळ दिली, म्हणजे ताशी सरासरी साडेबत्तीस किमी. त्यांच्याच देशाच्या मानुएला शेर यांनी तिथेच २०१९ मध्ये १:३५:४२ वेळ नोंदवली. पायी धावण्यात केल्व्हिन किपटम यांनी २०२३ मध्ये शिकागोत दिलेली २:००:३५ ही वेळ ताशी २१ किमी.ची आहे. वेगातला हा फरक आयोजकाने कायम डोळ्यांसमोर ठेवावा.

शर्यतीची खुर्ची तीन चाकांची, सुमारे पावणेदोन मीटर लांब आणि ८ ते १० किलो वजनाची असते. ती खेळाडूच्या मापाने बनते. उसनी खुर्ची कामाची नाही. मागची मोठी चाके टायरसह ७० सेंमी.पेक्षा आणि पुढचे चाक ५० सेंमी.पेक्षा मोठे चालत नाही. मागची चाके खाली फाकलेली असतात, त्यामुळे वळणावर खुर्ची सहसा उलटत नाही. प्रत्येक मोठ्या चाकाला ढकलण्यासाठी एकच साधी गोल कडी असते. साखळी, गिअर, चाक फिरवणारी तरफ, आरसा यांना बंदी आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत हेल्मेट सक्तीचे आहे. खेळाडूंचे गट अपंगत्वाच्या प्रकारानुसार टी-५१ ते टी-५४ असे पडतात. टी-५१ व ५२ मध्ये हातांवरही परिणाम झालेला असतो, टी-५३ मध्ये हात पूर्ण पण धडाचा तोल नाही, टी-५४ मध्ये धडाचा आधार मिळतो.

कडी मुठीत धरून ढकलत नाहीत. कडक हातमोज्याने तिच्या माथ्याच्या थोडे पुढे ठोसा द्यायचा, हात कडीला दाबून ठेवत तळाच्या जवळपर्यंत न्यायचा आणि मनगटाच्या झटक्याने सोडायचा. कडीवर रबराचे आवरण असते. ते ओले झाले की ठोसा निसटतो. वर्धा किंवा वैनगंगेच्या काठच्या गावांत जानेवारीत दाट धुई पडते, तेव्हा कडी पुसायला सुके फडके हाताशी हवे.

रस्त्याच्या बाबतीत विदर्भाच्या स्वतःच्या अडचणी आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे डांबर खालीवर होते आणि कडेला लांबच लांब उभ्या भेगा पडतात. आडवी भेग खुर्ची ओलांडून जाते, उभ्या भेगेत दोन सेंमी. रुंदीचा टायर अडकतो आणि खुर्ची फिरते. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे २ ते २.५ टक्के उतार असतो. त्यामुळे खुर्ची सारखी कडेला ओढते आणि एकाच हाताला जास्त ठोसे द्यावे लागतात. पुढच्या चाकाचा कॉम्पेन्सेटर नावाचा भाग थोडा वळवून हे सावरता येते, पण रस्त्याचा मधला पट्टा मोकळा ठेवणे हाच खरा उपाय. गावकऱ्यांनी स्वतः घातलेले उंच, टोकदार गतिरोधक, रपट्यावर वाहून आलेली वाळू, डागडुजीनंतर उरलेली गिट्टी आणि चुरी यांची यादी मार्ग ठरवण्याआधी सायकलवर फिरून करावी. पांदण रस्ता यात धरूच नये. चिखलदऱ्यासारखा घाट धावणाऱ्याला आवडेल, पण उतारावर खुर्चीचा वेग ताशी ५० किमी.च्या वर जातो आणि पुढच्या चाकाचा छोटा ब्रेक तिथे पुरत नाही.

सर्वांत जास्त शर्यती बाभळीच्या काट्याने मोडतात. वावराच्या कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या बैलगाडीतून किंवा ओढत नेतात आणि काटे रस्त्याच्या कडेला पडून राहतात. शर्यतीचे टायर बहुधा चाकाला चिकटवलेले आणि ८ ते १० बार दाबाचे असतात. रस्त्यात ठिगळ लावता येत नाही. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्या बारीक व्हॉल्व्हला बसत नाही, म्हणून दाब दाखवणाऱ्या मीटरचा हातपंप आणि जादा चाक सोबतच्या गाडीत ठेवावे. मार्ग आदल्या संध्याकाळी झाडून काढावा आणि सकाळी पुन्हा झाडावा, कारण रात्रीतून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन आणि जानेवारीत तूर रस्त्यावरच वाळत घातलेली असते. शेतकऱ्याला आठवडाभर आधी सांगितले तर तो आवरून घेतो. ऐनवेळी सांगणे त्याच्यावर अन्याय आहे.

वेळापत्रकात एक पेच आहे. खुर्च्या धावणाऱ्यांच्या आधी सुटल्या पाहिजेत, पण अंधारात सुटता कामा नयेत. त्या जमिनीपासून बुटक्या असतात आणि खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेले असते. जानेवारीत नागपूरकडे सूर्य साडेसहानंतरच उगवतो. म्हणून खुर्च्या ७ वाजता आणि धावणारे त्यानंतर, असेच ठरवावे. किती नंतर, हे मार्गावर अवलंबून आहे. साडेदहा किमी.ची फेरी असेल आणि धावणारे दहाच मिनिटांनी सोडले, तर ताशी २५ किमी.ने येणारी खुर्ची दुसऱ्या फेरीच्या दोनेक किमी.वर सर्वांत मागच्या चालणाऱ्यांत घुसते. फेऱ्यांच्या मार्गावर खुर्च्यांची शर्यत संपल्यावरच पायी शर्यत सोडावी. साडेपाच मीटर रुंदीच्या रस्त्यावर पिंप ठेवून दिलेले माघारी वळण खुर्चीला जवळपास थांबायला लावते; त्याऐवजी गावातल्या मोठ्या चौकाला वळसा द्यावा.

अंतर मोटारसायकलच्या मीटरवर मोजू नये. दोन टक्के चूक म्हणजे मॅरेथॉनमध्ये ८४४ मी. मान्य पद्धत सायकलची आहे. पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल आधी आणि नंतर चार-चार वेळा चालवून चाकाचे माप ठरवतात, मग सर्वांत जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून ३० सेंमी. अंतर राखत मार्ग मोजतात आणि हजारी एक मीटर जादा धरतात. पूर्ण मॅरेथॉनला ते ४२ मी. होतात. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे आणि दुपारी तापमानात मोठा फरक पडतो. दुपारच्या तापलेल्या टायरवर माप ठरवून पहाटे मोजणी केली तर मार्ग आखूड निघतो.

विदर्भाच्या खेड्यांत अपंग माणसाकडे सहसा शर्यतीची खुर्ची नसते. असते ती हाताने पायडल फिरवायची तीनचाकी सायकल. तिला साखळी असल्याने ती व्हीलचेअर गटात बसत नाही. तिच्यासाठी ३ किंवा ५ किमी.चा वेगळा गट ठेवावा, वेळ मोजावी आणि बक्षीस धावणाऱ्यांइतकेच द्यावे. दोन्ही एकत्र सोडल्यास तीनचाकी अचानक आडवी वळते आणि मागून येणारी खुर्ची तिच्यावर आदळते.

मणक्याला इजा झालेल्या खेळाडूला इजेच्या खाली घाम कमी येतो किंवा येतच नाही, त्यामुळे अंग लवकर तापते. नोव्हेंबरच्या मध्यापूर्वी आणि फेब्रुवारीनंतर लांब अंतर ठेवू नये. पिण्याचे पाणी सुट्या ग्लासात देऊन उपयोग नाही, हात मोकळे नसतात; नळीची पिशवी खुर्चीला बांधलेली असते आणि पाण्याच्या ठिकाणी अंगावर फवारा मारणारा माणूस लागतो. बैठकीची घडी टोचत असली तरी खेळाडूला कळत नाही, म्हणून शर्यतीनंतर कातडी तपासावी.

खुर्चीची वेळ पुढच्या चाकाच्या आसाचा मध्य रेषेवर आला की धरतात. रेषेपलीकडे किमान १०० मी. रस्ता मोकळा हवा. मंडप, हारतुरे आणि फोटोवाले त्याच्यापुढे. ठिकाण बहुधा शाळेचे मैदान असते, तेव्हा संडासाच्या दाराची रुंदी आधी मोजावी (९० सेंमी. हवी) आणि पायरीवर फळी टाकायची तर दर १ फूट उंचीला १२ फूट लांबीची टाकावी.