कंस मिटला, फाइल उघडीच

मे महिन्यात फोंड्याला मी मुलांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. यंदा वाळपईच्या एका मुलीने आजोबांची वही आणली. अंगणातल्या पर्जन्यमापकात रोज किती मिलिमीटर पाणी साचलं, ते आजोबा लिहून ठेवतात. तिने १ जूनपासून पुढच्या चार वर्षांच्या नोंदी संगणकात उतरवल्या. दर दिवसाची वेगळी फाइल, म्हणजे १४६१ फायली. त्या एकेक वाचून पावसाची बेरीज करणारा प्रोग्रॅम तिने सीमध्ये लिहिला. १०२१ सुरळीत वाचल्या आणि १०२२व्या फायलीला प्रोग्रॅम कोसळला. त्या फायलीत होतं नुसतं शून्य, मार्चमधला कोरडा दिवस. चूक तिथे नव्हतीच.

सीमध्ये महिरपी कंसांच्या आत जाहीर केलेलं व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, त्या कंसांपुरतंच. फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा, संपलं की स्टॅकवरची, म्हणजे अशा तात्पुरत्या व्हेरिएबलांसाठीच्या मेमरीतली, त्या व्हेरिएबलची जागा मोकळी होते. पुन्हा बोलावलंत तर नवं व्हेरिएबल मिळतं, आणि किंमत दिली नसेल तर त्यात आधीचा काहीही कचरा असू शकतो. (आधीची किंमत टिकवायची असेल तर ‘स्टॅटिक’ लिहावं.) बेरजेचं व्हेरिएबल तिने ‘मेन’ या मुख्य फंक्शनमध्ये, फायली एकेक घेणाऱ्या लूपच्या बाहेर ठेवलं होतं, म्हणून बेरीज टिकत होती. ते मला फार आवडलं.

घोटाळा फाइल पॉइंटरचा, म्हणजे फाइलचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा. ‘एफओपन’ फाइल उघडतं आणि तिचा पत्ता हातात देतं. एक फाइल वाचणाऱ्या तिच्या फंक्शनमध्ये तो पत्ता लोकल, म्हणजे त्या फंक्शनपुरत्याच, पॉइंटरात होता. फंक्शन संपलं, पॉइंटर गेला. फाइल मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या तक्त्यात उघडीच राहिली, आणि आता ती मिटवायला पत्ताही उरला नाही. नावाची व्याप्ती वेगळी, वस्तूचं आयुष्य वेगळं, ही गोष्ट मुलांना उशिरा कळते, कारण आपण दोन्ही एकाच दमात शिकवतो. पायथन या दुसऱ्या भाषेत ‘विथ’ वापरलं की फाइल आपोआप मिटते. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सीमध्ये तुमच्यामागून आवरणारं कुणी नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर एका प्रोग्रॅमला सहसा १०२४ फायली एकावेळी उघड्या ठेवता येतात. त्यांतल्या तीन इनपुट, आउटपुट आणि चुकांचे संदेश यांसाठी आधीच उघड्या असतात. उरल्या १०२१. पुढच्या वेळी ‘एफओपन’ने ‘नल’, म्हणजे रिकामा पत्ता, परत दिलं. तिने ते तपासलं नव्हतं, आणि त्या नलमधून वाचायला जाताच प्रोग्रॅम कोसळला.

मग तिने नलची तपासणी घातली आणि फंक्शनच्या शेवटी फाइल मिटवणाऱ्या ‘एफक्लोज’ची एक ओळ लिहिली. सगळ्या १४६१ फायली वाचून झाल्या. बेरीज तिने आजोबांच्या वहीतल्या वार्षिक आकड्यांशी पडताळून पाहिली, मिलिमीटरला मिलिमीटर जुळली.